कर्णा दिसला की बोट वर

मावशींनी चाळीस वर्षांत एकही सिनेमा धड पाहिला नव्हता. दोष सिनेमाचा नव्हता, शेजारच्या खुर्चीचा होता. त्या खुर्चीत त्यांचे यजमान असायचे आणि त्यांचा धंदा जुने चावीचे ग्रामोफोन दुरुस्त करण्याचा. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची. पडद्यावर नायिका धाय मोकलून रडत असली तरी उस्तादांची नजर तिच्या मागच्या कोपऱ्यातल्या ग्रामोफोनवर.

"अगं, तो कर्णा बघ. कालपरवा पत्रा वाकवून केलाय. आणि चावी न देता वाजतोय कसा?"

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची. मावशी तोंडाला रुमाल लावून खुर्चीत खाली खाली घसरायच्या.

गेल्या वर्षी उस्तादांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दुकानातली यंत्रं ज्याची त्याला परत करून मावशींनी कुलूप लावलं. मग त्यांचं दिवसभराचं काम ठरून गेलं. अंग पुसायचं, कूस बदलायची, घास भरवायचा, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आधी माणसं रोज विचारपूस करायला यायची. नव्याचे नऊ दिवस सरले आणि आठवड्यातून दोनदा येणारी व्यायामवाली तेवढी उरली.

"मावशी, काका नुसते छताकडे बघत पडतात," ती म्हणाली. "त्यांच्या आवडीचं काहीतरी समोर ठेवा. डोकं जागं राहायला हवं."

म्हणून मावशींनी टीव्हीवर एक जुना सिनेमा लावला. वीसेक मिनिटांनी चादरीवरून उस्तादांचं डावं बोट हळूच वर उठलं. मावशींनी त्या रोखानं पाहिलं, तर सिनेमातल्या दिवाणखान्यात पडद्याआडून ग्रामोफोनचा कर्णा डोकावत होता.

तेव्हापासून मावशींच्या मागे नवं काम लागलं. दुपारी भांडी आवरली की सिनेमे भराभर पुढे पळवत त्या ग्रामोफोन शोधत बसायच्या. काही अंदाज त्यांना आपोआप येत गेले. श्रीमंत बाप मुलीच्या लग्नाला नाही म्हणणार असला, की त्याच्या दिवाणखान्यात ग्रामोफोन हमखास. गरिबाच्या घरात शोधण्यात अर्थ नाही. परगावी असलेली लेकही मदतीला लागली होती.

"आई, दहा पाहिले, दोनात सापडला," ती फोनवर म्हणाली. "तू उगाच जिवाचं रान करू नकोस."

"मग काय करू? तुझे बाबा बोट उचलतात, तेवढंच आमचं बोलणं."

एका दुपारी त्या पेज भरवत होत्या आणि समोर मालिका चालू होती. तिच्यातल्या सुनेनं तबकडीवर सुई ठेवली, गाणं सुरू झालं. उस्तादांचं बोट वर गेलं आणि पाठोपाठ तोंडातून शब्द आला.

"चावी."

मावशींचा चमचा हातातच राहिला. "काय म्हणालात?"

"चावी."

खरंच होतं. सुनेनं चावी दिलीच नव्हती. लेक फोनवर रडली, व्यायामवालीनं टाळ्या वाजवल्या. मावशींना मात्र चारच दिवसांत आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं, कारण उस्तादांना तेवढा एकच शब्द सापडला होता. पाणी हवं, चावी. खिडकी लाव, चावी. पाठ खाजव, तरी चावी. ओळखायला चुकलं की ते डाव्या हातानं पलंगाची कड बडवायचे.

अशाच एका दिवशी मावशींनी पाणी दिलं, उशी उचलली, पंखा कमी केला, पायांवर पांघरूण घातलं. तरी चावी, आणि कड बडवणं चालूच. मावशी त्यांच्या डाव्या हाताशी, पलंगाला टेकून मटकन खाली बसल्या.

"मला नाही हो कळत," त्या म्हणाल्या. "दमले मी. आज मी माझा सिनेमा बघणार आहे. त्यात ग्रामोफोन नाही, आधीच सांगते."

लेकीनं कधीपासून सुचवलेला सिनेमा त्यांनी लावला. त्यात नदीवर होडी चालवणारी एक बाई होती. लहानपणी दुरावलेली तिची बहीण म्हातारपणी तिच्याच होडीत बसते, पलीकडे उतरते आणि ओळख न पटताच निघून जाते. मध्ये दोनदा मागून "चावी" ऐकू आलं. मावशींनी मान वळवली नाही. बहीण काठावरून दिसेनाशी झाली आणि त्यांना हुंदका फुटला. सिनेमा संपला तरी तो थांबेना. पहिला हुंदका त्या होडीवालीसाठी होता, नंतरचे कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी मागे पाहिलं. उस्ताद टीव्हीकडे बघतच नव्हते. त्यांनी डाव्या हातानं अंगावरची चादर ओढत ओढत तिचं टोक मावशींच्या खांद्यापर्यंत आणलं होतं.

"चावी," ते अगदी हळू म्हणाले.

मावशींनी या वेळी अर्थ शोधला नाही. त्या टोकानं डोळे पुसले, नाकही पुसलं. "धुवायचीच होती ही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली. व्यायामवाली आत आली आणि मावशींचा चेहरा बघून दारातच थबकली.

"काही नाही झालं," मावशी म्हणाल्या. "आज तू एकटीच घे त्यांचा व्यायाम. मी जरा पडते."

आजारपण आल्यापासून भरदिवसा त्यांनी पहिल्यांदाच पाठ टेकली. पलीकडच्या खोलीत व्यायामवाली आकडे मोजत होती. मध्येच "चावी" ऐकू आलं, मग तिचा गोंधळलेला आवाज, "काय काका, पाणी?" मावशींचा पाय सवयीनं खाली उतरू लागला. त्यांनी तो परत वर घेतला आणि कूस बदलली. ते पाणीच होतं की आणखी काही, हे कळायच्या आत त्यांचा डोळा लागला.