डॉक्टरांच्या भिंतीवरचा शूरवीर

मी एक जपानी नट बोलतोय. खरं म्हणजे नट नव्हे, नटाचं चित्र. आणि चित्र तरी कसलं, लाकडी फळीवरून कागदावर उमटवलेला छाप. माझ्यासारखे ढिगाने निघाले होते, पण ऐट मात्र एकुलत्या एकाची. वटारलेले डोळे, नाकाशी जमा झालेली बुबुळं, करकचून आवळलेला जबडा. असा चेहरा लाभल्यावर कुणीही थोडा फुगणारच ना?

एकाने मला रेखाटलं, दुसऱ्याने फळ्यांवर कोरलं, तिसऱ्याने ओला कागद रंगवलेल्या फळीवर ठेवून माझी पाठ रगड रगड रगडली. नाटक चालू होतं तोवर मी नाट्यगृहाच्या दाराशी हातोहात खपलो. नाटक उतरलं आणि मीही उतरलो. कुणीतरी मला पेटीच्या तळाशी अंथरलं. त्या काळाविषयी मी फारसं बोलत नाही. शूरवीराच्या छातीवर लोकरीचे मोजे ठेवतात, हे काय सांगायचं?

दीडशे वर्षांनी एका जुन्या सामानाच्या दुकानात मला दातांच्या डॉक्टरांनी पाहिलं. त्यांना अशी नटांची चित्रं जमवण्याचं वेड. घरी आणून त्यांनी मला दिवाणखान्यात, अगदी दारासमोर टांगलं.

"बघा हा संताप!" ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. "शत्रू समोर उभा आहे. आता हा तलवार उपसणार!" माझ्या कमरेची जाड दोरी म्हणजे तलवारीचा पट्टा आणि बाहीतून डोकावणारं टोक म्हणजे कट्यारीची मूठ, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. मी कशाला नाही म्हणतोय?

डॉक्टरीणबाई मात्र एकदा म्हणाल्या, "अहो, मला हा तुमच्या खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखा दिसतो." डॉक्टरांना राग आला. मीही बाईंशी बोलणं टाकलं. तसा एरवीही बोलत नव्हतो म्हणा.

सगळं छान चाललं होतं. मग एके दिवशी वकीलसाहेब चहाला आले. त्यांनाही हेच वेड. कप हातात तसाच धरून ते माझ्यासमोर उभे राहिले.

"डॉक्टर, हे अर्धंच चित्र आहे. याचा डावा कागद माझ्याकडे आहे."

झालं! दोन अर्धी चित्रं दोन घरांत ठेवणं म्हणजे पाप, यावर दोघांचं लगेच एकमत झालं. कुणी कुणाला द्यायचं, यावर मात्र होईना. शेवटी ठरलं की ज्याच्या कागदावर नाटकाचा नायक, त्याने दोन्ही ठेवायचे.

"आणि या भांडणात चहा कितीदा करायचा, तेही ठरवा भावजी," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी वकीलसाहेब आपला कागद घेऊन आले. त्यावर एक शांत, गोलमटोल चेहऱ्याचा माणूस होता. मूठ वळलेली, चेहऱ्यावर राग नाही की लोभ नाही. डॉक्टर खूश झाले. "हा कसला नायक? हा तर आत्ताच झोपेतून उठलाय!" मीही मनातल्या मनात त्याची कीव केली.

मग त्यांनी मला चौकटीतून काढलं आणि आम्हा दोघांना जेवणाच्या टेबलावर कडेला कड लावून ठेवलं.

माझ्या कमरेची दोरी कागदाच्या कडेवर संपत नव्हती. ती पलीकडे जाऊन थेट त्याच्या मुठीत गेली होती. मी म्हणजे पकडला गेलेला चोर होतो. बाहीतली कट्यारीची मूठ म्हणजे चोरलेल्या किटलीची तोटी होती.

बाईंना हसू आवरेना. "किटली हो, किटली!" वकीलसाहेबही हसले. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण खाली टेबल होतं.

डॉक्टर हसले नाहीत. जन्मभर त्यांच्या खुर्चीत असेच आवळलेले जबडे बसत होते, आणि घरच्या भिंतीवरची भीती त्यांनी राग म्हणून मिरवली होती. ते माझ्याकडे एकटक बघत राहिले.

"राहू द्या हो, तुमच्याकडेच असू द्या," वकीलसाहेब ओशाळून म्हणाले.

"शब्द म्हणजे शब्द," डॉक्टर म्हणाले आणि आत निघून गेले. मला परत चौकटीत घालून बाईंनीच ती पुसून दिली. "रोज उठून याचंच तोंड बघायची सवय झाली होती," त्या म्हणाल्या आणि फडकं डोळ्यांना लावलं. मला रडता आलं असतं तर मीही रडलो असतो, पण माझे रंग पाण्यात टिकत नाहीत.

वकीलसाहेब चित्रांचे खरे जाणकार. उजेडाने रंग उडतात म्हणून ते भिंतीवर काही लावतच नाहीत. मी आता चौकटीतून सुटून नायकाशेजारी कपाटाच्या खणात असतो, काळोखात. डॉक्टरांच्या खिडकीने माझा निळा रंग कधीच खाल्ला होता. इथे उरलेला टिकेल. पण कुणासाठी टिकवायचा, ते मला कळत नाही.

रविवारी डॉक्टर येतात. आम्हाला टेबलावर मांडलं जातं. नायकाकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. माझ्यावर इतके वाकतात की त्यांचा श्वास मला लागतो. मग वकीलसाहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणतात, "जबडा सैल सोड रे बाबा. काही दुखणार नाही."

वीर म्हणून त्यांनी माझं पुष्कळ कौतुक केलं, पण माझ्याशी ते कधी बोलले नव्हते. चोर ठरलो ते एका परीने बरंच झालं.

वकीलसाहेब तिसऱ्या मजल्यावर राहतात. डॉक्टर आता दर मजल्यावर थांबतात. त्यांची धाप मला खणातही ऐकू येते. शेजारच्या नायकाला वाटतं, मी त्याला भ्यालोय. वाटू दे बापड्याला. मला भीती आहे ती एखाद्या रविवारी जिन्यावर ती धाप ऐकू आली नाही तर, याची.