कडक भाकरीच्या डब्यातला मोबाईल

टर्रर्र… टर्रर्र…

दुपारची वीज गेली होती. पंखा थांबलेला, उखळातलं मुसळही थांबलेलं. घरात सगळं चिडीचूप असताना फळीवरचा पत्र्याचा डबा आपोआप वाजू लागला. आतल्या कडक भाकऱ्या एकमेकींवर थडथडत होत्या.

मित्रांनो, त्या भाकऱ्यांच्या तळाशी मी होतो. मी एक जुना मोबाईल आहे. माझी काच कोपऱ्यात तडकलेली आहे आणि झाकण निघू नये म्हणून पाठीला रबर लावलेलं आहे. मला स्वतःहून बोलता येत नाही. मेसेज आला की थरथरता येतं, तेवढंच. त्या दुपारी मी जीव तोडून थरथरत होतो, आणि कुणीतरी डबा उघडावा एवढंच मागत होतो.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. लख्ख दिव्यांची मोठी खोली आणि हातमोजे घातलेली बोटं, बस्स. सोलापुरात मला सिद्धलिंग नावाच्या माणसाने घेतलं. होटगीला रेल्वेच्या कामावर जाताना तो मला शर्टाच्या खिशात ठेवी. पुढे त्याने नवा फोन घेतला, तेव्हा वाटलं, आता आपण कपाटात जाणार. पण त्याच्या बायकोने, दानेश्वरीने, मला पदराने पुसलं आणि म्हणाली, हा अजून लई कामाचा आहे.

दानेश्वरी घरी शेंगाची चटणी कुटते आणि कडक भाकऱ्या करते. पाकिटावर तिने माझा नंबर छापून घेतला. खंडेनवमीला उखळाशेजारी मला ठेवून विभूती लावली. मोबाईलच्या वाट्याला एवढा मान कुठे येतो?

दुपारनंतर मी महेश्वरीचा असे. ही तिची लेक, पाचवीत शिकणारी. शाळेचा अभ्यास माझ्यावर येई. अपूर्णांक तिला वर्गात कळले नव्हते. माझ्यावरचा व्हिडिओ थांबवून थांबवून तिने खऱ्या भाकरीचे तुकडे केले, तेव्हा कळले. बाईंनी शाबासकी दिली. तुकडे दानेश्वरीने कालवणात कुस्करून संपवले आणि शेजारणीला म्हणाली, आमच्याकडं गणितसुद्धा खातात.

कुटताना दानेश्वरीचे हात तेला-तिखटाने माखलेले असत. म्हणून मेसेजला उत्तरं महेश्वरीच देई. आईने तिला पहिल्याच दिवशी शिकवून ठेवलं होतं.

“मेसेज आला की लगेच उत्तर द्यायचं बघ. गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही. काय मागतील ते गोडीनं पाठवायचं.”

लोक भाव मागत, चटणीचा फोटो मागत, घराचा पत्ता मागत. ती सगळं पाठवी. ‘नमस्कार, तिखट की मध्यम?’ हे वाक्य तर ती न बघता टाईप करी. पोरगी धंदा सांभाळते म्हणून दानेश्वरीची छाती भरून येई.

आणि एके दिवशी एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. आधी त्याने चटणीच विचारली. मग म्हणाला, तू लहान आहेस का? कितवीत आहेस? माझी मुलगीही पाचवीत आहे, तिचे सराव पेपर तुला पाठवतो. पेपर खरंच आले. मग त्याने गणवेशातला फोटो मागितला. महेश्वरीने चटणीचं पाकीट हातात धरून हसत फोटो काढला. खिशावर शाळेचं नाव स्पष्ट दिसत होतं. गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नव्हतं ना.

दुसऱ्या दिवसापासून त्याची भाषा बदलली. अजून फोटो पाठव, वेगळे पाठव. घरी सांगितलंस तर हाच फोटो वाईट करून सगळ्या शाळेला पाठवीन.

महेश्वरीने माझा आवाज बंद केला. जेवण टाकलं. पोट दुखतंय म्हणून शाळेला जाईना. रात्रभर मी तिच्या उशाखाली होतो, तिचं काळीज किती जोरात धडधडत होतं ते मला ठाऊक आहे. सकाळी आई मला शोधू लागली, तेव्हा तिने मला डब्यात भाकऱ्यांखाली सारलं आणि माहीत नाही म्हणाली.

शेवटी डबा उघडला. दानेश्वरीने भाकऱ्या बाजूला केल्या, तिखटाच्या बोटांनी मला उचललं आणि वाचलं. त्या माणसाचे पहिल्यापासूनचे सगळे मेसेज तिने वाचून काढले. दाराआड महेश्वरी तोंडावर हात घेऊन उभी होती.

“हिकडं ये.”

ती हलेना.

“मारत नाही गं, ये की. तू काय चुकली नाहीस. मीच तुला अर्धंच शिकवलं.”

तिने माझ्यावरूनच सिद्धलिंगला फोन लावला. तो म्हणाला, एकही मेसेज पुसू नको, उत्तर देऊ नको, मी निघालोच. मोबाईल घेऊन सायबर पोलिसांकडे जाऊ.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी सांगणार नाही. माझी काच फुटली तर फुटू दे. पण माझ्यावर कुणी काही मागितलं आणि ते तुम्हाला नकोसं वाटलं, तर मला डब्यात लपवू नका. आईच्या पुढ्यात आणून ठेवा. घरी सांगवत नसेल तर माझ्यावरूनच १०९८ लावा, तो नंबर मुलांसाठीच आहे. आणि मोठ्यांनो, लेकराला ‘हो’ म्हणायला शिकवता, तसं ‘नाही’ म्हणायलाही शिकवा. मी दोन्ही सारख्याच वेगाने पोचवतो.

महेश्वरी आईच्या कुशीत शिरली होती. मी दानेश्वरीच्या तळहातात पुन्हा थरथरलो. त्याचाच मेसेज. तिने तो उघडला नाही. महेश्वरीने मान वर केली.

“अव्वा, पोलीस त्याला धरतील?”

“धरतील की.”

“मग माझा फोटो? तो माघारी येतोय का गं?”

“ठाऊक नाही गं,” दानेश्वरी मला पदरात गुंडाळत म्हणाली, “पण पोलिसांना पहिलं तेच विचारू.”