कुलूप लावलेल्या कपाटात

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. दुकानात दोरीवर टांगलेल्या शंभर सारख्या फायलींपैकी नव्हे. मला जळगावच्या इसाकभाईंनी स्वतःच्या हातांनी शिवले. ते रिक्षांच्या सीटा शिवतात. एका रिक्षाच्या कामातून लाल रेक्झिनचा हातभर तुकडा उरला, आणि त्याच आठवड्यात त्यांची मुलगी नाजमीन बी.एस्सी. झाली. त्यांनी त्या तुकड्यात जाड पुठ्ठा घातला, आतून प्लॅस्टिकचे कप्पे शिवले आणि कडेने चेन लावली. मशीनची सुई सीटा शिवण्याची, जाड. म्हणून माझ्या कडांवर टाक्यांची भोके जरा मोठीच दिसतात.

"घे बेटा," ते म्हणाले, "पावसात सापडलीस तरी आतला कागद ओला होणार नाही."

नाजमीनने माझ्यात एकेक कागद ठेवला. दहावीची गुणपत्रिका, बारावीची, बी.एस्सी.च्या सहाही सत्रांच्या, शाळा सोडल्याचा दाखला आणि सर्वांत वर पदवीचे प्रमाणपत्र. रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी. त्या घरात पदवी मिळवणारी ती पहिलीच. पाहुणे आले की इसाकभाई हात धुऊन, पुसून मला फळीवरून खाली काढत. त्यांना कागदावरचे इंग्रजी वाचता येत नसे, पण नाजमीनचे नाव कोणत्या ओळीत आहे हे बरोबर ठाऊक होते. तिथे ते बोट ठेवत. ते दिवस फार चांगले होते.

नाजमीनला प्रयोगशाळेत काम करायचे होते. जळगावात पाइपांचे कारखाने आहेत, तिथे मालाची तपासणी करणारी माणसे लागतात, हे तिने कॉलेजात ऐकले होते. सहा-सात महिने ती अर्ज करत राहिली. उत्तर कुठूनच आले नाही. मग इसाकभाईंनी वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून आणली. 'पदवीधर मुले-मुली त्वरित पाहिजेत. नोकरीची खात्री.' खाली एका प्लेसमेंट एजन्सीचा पत्ता होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे तिथे गेलो. दुसऱ्या मजल्यावर एक लहानसे ऑफिस होते. काचेचे टेबल, भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांची नावे, आणि खुर्चीत हितेंद्र नावाचे गृहस्थ. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी मला उघडले, भराभर पाने उलटली आणि म्हणाले, "अरे वा! अशा मुलीला तर मी आठ दिवसांत लावतो. फक्त ओरिजिनल आमच्याकडे ठेवावे लागतील. पडताळणी असते."

नाजमीन घुटमळली. "सर, झेरॉक्स नाही चालणार?"

"कंपन्या झेरॉक्सवर विश्वास ठेवत नाहीत, मॅडम. तुमची मर्जी. बाहेर लाइन आहे."

नाजमीनने वडिलांकडे पाहिले. इसाकभाई त्या काचेच्या टेबलासमोर जरा दबूनच उभे होते. ते हळूच म्हणाले, "ठेव बेटा. ऑफिस आहे, कोणाच्या घरी थोडंच ठेवतोय आपण?"

तिने बारीक अक्षरांतल्या चार पानी अर्जावर सही केली. तो अर्ज कोणीच वाचला नाही. ऑफिसातले वयस्कर कारकून रतिलाल यांनी मला उचलले, लोखंडी कपाटात ठेवले आणि कुलूप लावले.

मित्रांनो, त्या कपाटात माझ्यासारख्या तीसेक फायली होत्या. कोणी खिळखिळी, कोणी कोरी करकरीत. माझ्या शेजारी एक निळी प्लॅस्टिकची फाइल होती. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवून पेनाने लिहिले होते, 'योगराज तोताराम भंगाळे, बोदवड. आयटीआय फिटर.' अक्षर वळणदार होते. आपले नाव कोणी साहेब वाचणार, या समजुतीने कोरून कोरून लिहिलेले.

आत अंधार असे, पण बाहेरचे बोलणे ऐकू येई. दर सोमवारी सकाळी योगराजचा फोन यायचा. रतिलाल म्हणायचे, "हो हो, चालू आहे. तुझंच काम चालू आहे." फोन ठेवल्यावर कपाटाकडे मात्र कोणी फिरकत नसे. माझ्या शेजारची ती निळी फाइल महिनोन्‌महिने हलली नाही.

आठ दिवसांचे पंधरा झाले. एकदा नाजमीनला धुळ्याला देवपुरात पाठवले. प्रयोगशाळेत जागा आहे, असे सांगितले होते. ती परत आली तेव्हा तिचा आवाज मला कपाटातून ऐकू आला.

"सर, तिथे प्रयोगशाळा नाहीच. कॉम्प्युटरचे कोर्स विकायचे आहेत, घरोघर जाऊन."

"सुरुवात तशीच असते, मॅडम."

"पण तुम्ही मला लॅब म्हणाला होतात."

"तुम्ही फार प्रश्न विचारता. कंपन्यांना असे उमेदवार आवडत नाहीत."

पुढच्या वेळी तिला एका कारखान्यात पाठवले. तिथल्या वॉचमनने फाटकातूनच सांगितले की ती जागा दोन महिन्यांपूर्वी भरली. त्यानंतर ती फोन करी आणि रतिलाल तिलाही म्हणत, "चालू आहे."

शेवटी नाजमीनने एजन्सीची वाट पाहणे सोडले. एका पाइप कारखान्याच्या फाटकावर तिने स्वतःच अर्ज दिला. तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख ज्योत्स्ना मॅडम यांनी तिला बोलावले, तासभर प्रश्न विचारले, एक चाचणीही तिच्या हातून करून घेतली. मग म्हणाल्या, "हात स्वच्छ आहे तुझा. सोमवारी दहा वाजता मूळ कागद घेऊन ये. जागा एकच आहे आणि मला सोमवारीच नाव कळवायचं आहे."

तो गुरुवार होता. नाजमीन तिथून थेट एजन्सीत आली. जिना चढल्याने तिला धाप लागली होती, पण आवाजात असा आनंद मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

"रतिलालभाऊ, माझी लाल फाइल द्या ना. मला नोकरी लागतेय!"

"चावी सरांकडे आहे. सर बाहेरगावी गेलेत."

तिने ऑफिसच्या फोनवरूनच सरांना फोन लावला. हितेंद्र सरांनी आधी कंपनीचे नाव विचारून घेतले. मग त्यांचा सूर बदलला. रतिलालनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"तुम्ही परस्पर कशा गेलात? अर्जात स्पष्ट लिहिलंय, वर्षभर कुठेही जायचं तर आमच्यामार्फत. मी मंगळवारी येतो, कंपनीशी आमच्या कमिशनचं बोलतो, मग बघू."

"सर, सोमवारची मुदत आहे."

"मग कंपनीला सांगा थांबायला."

शनिवारी ती वडिलांना घेऊन आली. इसाकभाई म्हणाले, "भाऊ, तुम्ही पण मुलाबाळांचे. कपाट इथं, फाइल इथं. कुलूपवाल्याला बोलावतो, तुमच्यासमोर उघडतो, तुमच्यासमोर लावतो."

रतिलालनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "माझी नोकरी जाईल, इसाकभाई. या वयात मला कोण ठेवणार?"

बाप आणि लेक कपाटापासून चार पावलांवर उभे होते. इसाकभाईंनी पुढे येऊन कपाटाच्या दारावर तळवा ठेवला. पत्रा किंचित वाजला. मी आत होते. त्यांनीच शिवलेली, त्यांच्याच लेकीचे नाव पोटात घेऊन. मला ना हात होते ना आवाज. थोड्या वेळाने जिन्यावर चपला वाजल्या आणि ते गेले.

सोमवारी नाजमीन झेरॉक्स घेऊनच ज्योत्स्ना मॅडमकडे गेली. खरे काय ते सांगितले. मॅडमनी संध्याकाळी पाचपर्यंत वाट पाहिली. त्यानंतर दुसऱ्या उमेदवाराचे नाव कळवावे लागले. कारखान्यातले हे सगळे मला घरी परतल्यावर कळले.

मंगळवारी हितेंद्र सर आले. त्यांनी कंपनीला फोन केला, जागा भरल्याचे ऐकले आणि रिसीव्हर आदळला. मग स्वतः कपाट उघडले आणि मला टेबलावर टाकले. समोर नाजमीन बसली होती.

"घ्या तुमची फाइल. आता काय उपयोग?"

नाजमीनने मला छातीशी धरले. वळताना तिची नजर उघड्या कपाटात गेली. तिला इतर फायली दिसल्या, निळ्या फाइलीवरचे नाव दिसले. क्षणभर ती थांबली. मग डोळे भरून आले म्हणून की काय, तशीच जिना उतरली.

त्या संध्याकाळी इसाकभाई ताटावरून उठले. "मीच म्हणालो, ठेव म्हणून," एवढेच बोलले.

"अब्बा, सही तर माझी होती," नाजमीन म्हणाली. पण त्यानंतर पाहुण्यांसमोर मला कोणी काढले नाही.

आता नाजमीन एका डाळ मिलमध्ये काम करते. डाळीतली ओल तपासते, नोंदी ठेवते. काम वाईट नाही. त्या पाइप कारखान्याची बस रस्त्याने गेली की मात्र ती दुसरीकडे पाहते.

मी घरी परतल्यावर दोन-अडीच महिन्यांनी ती एजन्सीच्या इमारतीखालून जात होती. वर एजन्सीची पाटी नव्हती. ती जिना चढून गेली, तर भिंतींना नवा रंग चालला होता. रंगाऱ्याला तिने विचारले, "इथलं कपाट कुठे गेलं?"

"ते तर भंगारात गेलं, ताई. कागदबिगद रद्दीवाला घेऊन गेला."

नाजमीनने घरी येऊन हे सांगितले. "अब्बा, त्या दिवशी मी निदान त्यांची नावं लिहून घ्यायला हवी होती," ती म्हणाली. "पोलिसांत जायला हवं होतं. मी फक्त माझी फाइल घेतली आणि पळाले." तिला एकच नाव आठवत होते. पुढच्या रविवारी दोघे रेल्वेने बोदवडला गेले. आपलीही फाइल त्याच कपाटात होती हे दाखवता यावे म्हणून मला सोबत घेतले.

योगराजचे घर सापडले. वडील तोताराम केळीच्या बागेत गेले होते. आई मंदाबाई ओट्यावर होत्या. नाजमीनने सगळे सांगितले. मंदाबाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्यानं लय वाट पायली, पोरी. दर सोमवारी फोन लावे. धुळ्याच्या कारखान्यातून बोलावणं आलतं त्याले, पन कागदच नव्हते हातात. मंग गेला सुरतले. कपड्याचे गठ्ठे उचलतो आता. फिटरचं नावबी काढत नाही."

इसाकभाईंनी मान खाली घातली. मंदाबाईंनी माझ्याकडे बोट केले. "याच्यात पाहू का मी?"

"मावशी, ही माझी फाइल आहे," नाजमीन हळू आवाजात म्हणाली.

"असू दे. एखादा कागद चुकून इकडं आला असंल."

त्यांना वाचता येत नव्हते. तरी त्यांनी माझी चेन उघडली आणि प्रत्येक कप्प्यात हात घालून एकेक कागद बाहेर काढला. प्रत्येक कागद नाजमीनसमोर धरून त्या विचारत, "हा?" आणि नाजमीन मान हलवी. दहा वेळा त्यांनी विचारले. मग सगळे कागद होते तसे आत ठेवले, चेन लावली आणि मला तिच्या हाती दिले.

मित्रांनो, आपले मूळ कागद कोणाच्या कुलपात ठेवू नका, हे तर मी सांगेनच. सही करण्याआधी अर्ज वाचा, आणि वाचू देत नसतील तर उठून या. पण माझे मागणे आणखी एक आहे. जळगावातल्या रद्दीच्या एखाद्या दुकानात तुम्हाला निळ्या प्लॅस्टिकची फाइल दिसली, वर पांढरी पट्टी आणि वळणदार अक्षर असले, तर ती तशीच पुढे जाऊ देऊ नका. योगराज तोताराम भंगाळे, बोदवड. घर लांब नाही. स्टेशनवर उतरून कोणालाही विचारा. योगराज तिथे नसेल, पण त्याची आई घरी असते.