वजा केलेली शेजारीण

मामांच्या नावावर विज्ञानात एकच गोष्ट होती, पण ती भक्कम होती. एक मोठी रेडिओ दीर्घिका विझली आहे, हे त्यांनी तरुणपणी सिद्ध केलं होतं. रेडिओ दुर्बिणीत ती कितीही आरडाओरडा करो, अवरक्त प्रकाशात, म्हणजे उष्णतेच्या उजेडात, तिच्यात ऊबदार धूळ दिसत नव्हती. धूळ नाही, म्हणजे नवे तारे नाहीत. वय झालं की दीर्घिकांचं असंच होतं, हा मामांचा सिद्धांत. पाठ्यपुस्तकात त्याला अर्धं पान मिळालं होतं आणि मामांच्या दिवाणखान्यात अख्खी भिंत.

भाचीने पीएचडीसाठी तीच दीर्घिका नव्या दुर्बिणीतून पाहिली, तर आत ताऱ्यांचं प्रसूतिगृह जोरात चालू. आता पंचाईत अशी, की प्रबंधाला होकार देणाऱ्या समितीचे अध्यक्ष मामाच. नात्याचा मुद्दा कोणी काढला नव्हता. मामांसमोर मुद्दे काढायची तिथे पद्धत नव्हती.

मामांच्या सत्काराच्या आदल्या दिवशी ती आकृत्या घेऊन त्यांच्या घरी आली.

"मामा, अवरक्तात आकाशसुद्धा चमकतं. म्हणून तुम्ही बाजूच्या कोऱ्या आकाशाचा उजेड मोजून वजा केलात."

"हे तू मला शिकवतेस? तू जन्मलीस तेव्हा मी तीच वजाबाकी करत होतो."

"ती जागा कोरी नव्हती."

मामींची इस्त्री हवेतच थांबली.

"तिथे दुसरी दीर्घिका आहे. धुळकट, पण अवरक्तात हिच्याइतकीच तेजस्वी. तुम्ही हिच्यातून तिला वजा केलंत. उरलं शून्य."

"म्हणजे शेजारणीपायी चांगल्या धडधाकट बाईला मारून टाकलं?" मामी म्हणाल्या.

"तू इस्त्री कर."

"करतेच आहे. उद्याच्या सत्काराचा शर्ट आहे."

मामा आकृतीवर वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. भाचीने मनातल्या मनात प्रबंधाची काही वर्षं पाण्यात टाकून पाहिली.

"ही शेजारीण," मामा अखेर म्हणाले, "कोणाच्या यादीत आहे?"

"कुणाच्याच नाही."

"मग तिचं पहिलं निरीक्षण कोणाचं?"

"तसं तुमचंच. पण तुम्ही तर तिला वजा..."

"अगं, उजेड पोचला म्हणूनच वजा झाला ना! प्रबंध मंजूर. फक्त तिचा शोध कोणी लावला, ते ठळक लिही."

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीच्या शर्टात मामा नव्या दीर्घिकेवर तासभर बोलले. जुनीबद्दल एवढंच म्हणाले, की तिची तब्येत आता छान आहे.