कोंबडीचं डोकं कुणाकडे?

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. कपड्यांची नव्हे, बुटांची. चीनमधल्या जिन्ज्यांग शहरात ज्वांग शेठच्या कारखान्यात मी बुटांचे वरचे भाग शिवत आले. मित्रांनो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. माझी सुई सोडली तर मी कुणालाही सरळ मानत नाही.

सुरुवातीला मी अशी नव्हते. नवी होते तेव्हा ज्वांग शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्यापाशी उभं करून "टाका बघा हिचा!" म्हणायचे. सू लीछिन तेव्हा खेड्यातून आलेली पोर होती. तिनं मला कधी कोरडं पडू दिलं नाही. पुढे तिच्या मुलीचं शिक्षण आमच्या दोघींच्या टाक्यांवरच चाललं.

मग इथले पगार वाढले आणि ऑर्डरी व्हिएतनामकडे वळल्या. शेजारचा कारखाना तर नववर्षाच्या सणाच्या सुट्टीत गुपचूप उठला. कामगार गावाहून परतले, तर फाटकाला कुलूप आणि आत एक मशीन शिल्लक नाही! तेव्हापासून आमच्याकडेही सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघू लागले. एके दिवशी एक अनोळखी माणूस टेप घेऊन आला. त्यानं मला मापलं, माझ्यामागची भिंत मापली आणि आकडे टिपून निघून गेला.

वर्षअखेरीला शेठनं कामगारांना जेवू घालायचं आणि ताटातल्या अख्ख्या कोंबडीचं डोकं ज्याच्याकडे वळलेलं, त्याला सणानंतर काम नाही, असा आमच्याकडचा जुना रिवाज. समजूतदार मालक ते डोकं स्वतःकडे वळवून ठेवतात. यंदा जेवण हॉटेलात नव्हतं, माझ्याशेजारीच गोल टेबल मांडलं होतं. उरलेल्या माणसांना आता तेवढं एकच पुरत होतं. मधल्या फिरत्या चकतीवर कोंबडी ठेवली आणि शेठ फोनवर बोलत बाहेर गेले. डोकं होतं गोंद लावणाऱ्या पेंगकडे.

पेंगनं हळूच चकती फिरवली. "मला जरा मासा हवाय."

"मासा तुझ्या पुढ्यातच आहे की!" लीछिन म्हणाली.

"मग कोंबडी तू घे, ताई."

"वा रे वा! माझ्याकडे तोंड करून देतोस होय?" तिनं चकती पुढे ढकलली.

मग प्रत्येकालाच पलीकडचं काहीतरी हवं झालं. चकती थांबेना आणि कोंबडीला कुणी हात लावेना.

शेठ परत आले आणि त्यांनी चकती धरली. डोकं दोन खुर्च्यांच्या मधून थेट माझ्याकडे!

"घाबरता काय रे? माणूस कुणी जाणार नाही," ते हसले. "हे जुनं धूड तेवढं जाईल. संगणकावरची मशीन येतेय, आपलं आपण शिवते."

टाळ्या पडल्या. पेंग इतका हसला की त्याला ठसका लागला. सगळे कोंबडीवर तुटून पडले.

लीछिननं हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "शेठ, ती आपलं आपण शिवणार, तर मी काय करू?"

"बघू ना, लीछिन. सण तर होऊ दे. जेव आधी."

मला माझ्या जाण्याचं वाईट वाटलंच. पण लीछिन सोडली तर एकाचंही तोंड चालायचं थांबलं नाही, याचा जास्त राग आला.

सणानंतर नवी मशीन आली. तिच्यावर लक्ष ठेवायला पेंगला बसवलं. लीछिनला सांगितलं, "थोडे दिवस घरी थांब." काढून टाकलं असं कुणी म्हटलंच नाही, म्हणून नुकसानभरपाईही नाही. ती अजून घरीच आहे.

मी आता जुन्या मशिनींच्या बाजारात उभी आहे. काल एका गिऱ्हाइकानं माझं चाक फिरवून पाहिलं. मित्रांनो, मशिनींना जपा, एवढंच सांगून मी थांबणार नाही. माझं काय, मला कुणीतरी घेऊन जाईल. चाळिशी उलटलेल्या शिवणारणीला मात्र कुठल्याच फाटकातून आत घेत नाहीत. तेव्हा 'माणूस कुणी जाणार नाही' असं कुणी म्हटलं, तर टाळी वाजवण्याआधी टेबलाभोवती एकदा नजर फिरवा. जेवायचं कोण थांबलंय, ते बघा.