दुसऱ्या माणसाचे दात

"कवळी या नटांना टोचते, आणि बोलणी मात्र मी खायची!" मला ब्रशने घासता घासता मेकअपवाला पुटपुटला.

मित्रांनो, मी सिनेमातली एक जुनी कवळी आहे. माझे सुळे लांब, पिवळे आणि जरासे वाकडे. एका भल्या डॉक्टरच्या जुन्या गोष्टीसाठी मला घडवलं. तो एक औषध पितो आणि त्याच्यातलाच दुसरा, क्रूर माणूस बाहेर येतो. या गोष्टीवर सिनेमे निघतच राहतात. दर वेळी नट बदलतो, कपडे बदलतात, दात माझेच. नव्या तोंडाच्या मापाने मला आतून भरून घेतात, की झालं.

पहिला नट गोल चेहऱ्याचा होता. कॅमेऱ्यासमोर तो असा गुरगुरायचा, की दिवेवाले मागे सरकायचे. शॉट संपला की मला पेल्यात टाकायचा. "थांबा हो, आधी माणसात येऊ द्या," म्हणायचा आणि बिस्किटं खात बसायचा. तेव्हा माझं काय ते कौतुक! मग सिनेमा उतरला आणि मी डब्यात धूळ खात पडले.

नव्या सिनेमाच्या नटाने मला सरावासाठी घरी नेलं. आजवर लोक मला भ्यायचे. त्या घरात मी भ्यायला शिकले.

जिन्यात त्याची पावलं वाजली, की बायको आणि लहानगी मुलगी एकदम गप्प होत. एकदा बायकोचा काळानिळा दंड शेजारणीने पाहिला. बायको हसली. "भूमिकेत शिरलेत ना. ते दात घातले की भान राहत नाही त्यांना. सिनेमा संपला की येतील माणसात."

"कलाकार माणूस, चालायचंच," म्हणत शेजारणीने लगबगीने आपलं दार लावून घेतलं.

मला दात आहेत, जीभ नाही. नाहीतर ओरडून सांगितलं असतं, की तेव्हा मी डब्यात होते!

मुलीने मात्र आईचं ते बोलणं अगदी खरं मानलं. एका दुपारी तिने हळूच डबा उघडला, मला फ्रॉकच्या खिशात घातलं आणि मुठीत धरून ठेवलं. "आता बाबा चांगलेच राहणार," ती कुजबुजली. माझ्यावर एवढा भरवसा कुणी टाकला नव्हता. मी गारठून गेले.

संध्याकाळी तो आला, जेवायला बसला. सूप गार झालं होतं, एवढंच. ताट भिंतीवर आदळलं. खुर्ची पडली. त्याने बायकोचा हात पिरगळला, तशी मुलीची मूठ आवळली आणि माझे सुळे तिच्या तळव्यात रुतले.

मग धापा टाकत तो म्हणाला, "त्या कवळीने डोकं फिरतं माझं. एकदा सिनेमा संपू दे."

"हो," बायको सवयीने म्हणाली.

मुलीने मला खिशातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. "आई, दात माझ्याजवळ होते. दुपारपासून."

मित्रांनो, मला जपा, पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. माणसाचं करणं माझ्यासारखीच्या माथी मारू नका, एवढंच मागते.

बायकोने मुलीला पाठीशी घेतलं. दाराची कडी काढली.

"दुसरा माणूस कुणी नाहीच. हे सगळं तुम्हीच करता."