कापड तिच्याकडे, दांडे त्यांच्याकडे

मित्रांनो, बाई गेल्याचे मला पाच महिन्यांनी कळले, आणि तेही माझ्याच कुबट वासामुळे.

मी कपाटाच्या वरच्या खणात, मिस्तरींच्या सॅकमध्ये पडून होतो. त्या सकाळी मिस्तरींना लेव्हल हवी होती. लेव्हल म्हणजे सुतारांकडे असते ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. मुलीच्या घरी फळी ठोकायची होती. त्यांनी सॅक खाली ओढली, उघडली आणि लगेच तोंड फिरवले. मला ओलाच गुंडाळून ठेवलेले होते. अंगभर बुरशी चढली होती. मिस्तरी सवयीने स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, “सिस्टर! अगं, तंबू ओलाच राहिला की गं!”

उत्तर आले नाही.

मिस्तरींनी हाक मारली आणि बाईंची ओ आली नाही, असे नऊ वर्षांत एकदाही झाले नव्हते. मिस्तरी तसेच फरशीवर बसले, सॅक मांडीवर घेऊन. तेव्हा मला कळले.

मी एक जुना तंबू आहे. हिरवा, दोन माणसांचा. निदान माझ्या पिशवीवर तरी तसे लिहिले आहे. ज्याने ते लिहिले तो मिस्तरींएवढ्या रुंद खांद्यांच्या माणसाशेजारी कधी झोपलेला नसणार. शिवणकामाच्या एका कारखान्यात मला चार बायकांनी मिळून शिवले. शिवणीतून पाणी झिरपू नये म्हणून आतून पट्ट्या चिकटवल्या. मग मी दुकानात आलो आणि तिथून या दोघांच्या हाती पडलो.

नवरा सुतार, बायको इस्पितळात नर्स. ती त्यांना मिस्तरी म्हणे, ते तिला सिस्टर म्हणत. त्यांची खरी नावे मी कधी ऐकली नाहीत. त्यांना एक लांबची पायवाट चालायची होती. डोंगरात सुरू होऊन समुद्रापाशी संपणारी, सहाशे चाळीस किलोमीटरची वाट. दगडांवर आणि झाडांवर पांढरे बाण रंगवलेले, त्यांच्या मागे मागे जायचे. रजा वर्षाला आठ दिवस मिळे. म्हणून जिथे थांबलो तिथून पुढच्या वर्षी सुरुवात करायची, असे त्यांनी ठरवले. इतर लोक दिवसाला वीस किलोमीटर चालत. आमचे दहा व्हायचे. का, ते सांगतो.

पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्या वाटण्या केल्या. माझे कापड तिच्या सॅकमध्ये आणि दांडे, खुंट्या मिस्तरींच्या सॅकमध्ये. मिस्तरी म्हणाले, “अगं, सगळाच दे माझ्याकडे. तुला जड होईल.”

“नको,” बाई म्हणाल्या. “तुम्ही रागावलात की ताडताड पुढे निघून जाता. जा खुशाल. संध्याकाळी दांडे घेऊन झोपा.”

आणि तसे झालेही. दुसऱ्याच दिवशी, चहात साखर कोणी जास्त टाकली यावरून मिस्तरी रागाने पुढे गेले. दोन तास चालले. मग एका फाटकापाशी गुपचूप बसून राहिले. बाई आल्या, त्यांच्याकडे न बघता फाटक ओलांडून पुढे गेल्या आणि म्हणाल्या, “चला मिस्तरी, तुमच्याकडे माझे दांडे आहेत.”

मित्रांनो, आता मी जरा मनातले बोलतो. ही दोघे मला अगदी नको नको करून सोडत. सकाळी बाईंना सहाला निघायचे असे. मिस्तरी आधी मला उलटा करून दव झटकणार, मग उन्हात टाकून बसणार. बाईंनी वजन कमी करण्यासाठी दोघांच्या टूथब्रशच्या दांड्या कापल्या होत्या, टॉवेल फाडून अर्धा केला होता. आणि मिस्तरींच्या सॅकमध्ये काय, तर लेव्हल! अर्ध्या किलोची! मुक्कामाला पोचले की मला उभे करण्याआधी ते गवतावर लेव्हल ठेवत. बुडबुडा मध्ये आला नाही की दहा पावले पुढे. तिथेही नाही आला की ओढ्याच्या पलीकडे.

“मिस्तरी, झोपायचंय, कपाट नाही बसवायचंय.”

“डोकं खाली आणि पाय वर करून झोपशील, मग सकाळी माझ्या नावाने ओरडशील.”

“मी आत्ताच ओरडतेय. भूक लागलीय मला.”

एवढे करून जागा मिळाली की मला उभे करायचे. दोघे समोरासमोर, मध्ये मी. मिस्तरी ओरडत, “डावीकडे ओढ, अगं डावीकडे!” बाई ओरडत, “कुणाच्या डावीकडे?” नऊ वर्षे! रोज संध्याकाळी हाच संवाद. मिस्तरींना कधी सुचले नाही की झाडाकडे ओढ म्हणावे, दगडाकडे ओढ म्हणावे. आणि बाईंना एव्हाना ठाऊक झाले होते की ते स्वतःची डावी बाजू सांगतात. तरी विचारायच्या. माझ्या शिवणी ताणल्या जात, पण यांचे काही मिटत नसे.

मग बाई मिस्तरींना दगडावर बसवून त्यांचे पाय धरत. फोड आलेला असे, तो साफ करून पट्टी लावत. “हा बूट घट्ट होतोय हे कधी कळलं?” “सकाळी.” “मग सांगितलं कधी?” “आत्ता.” “वा! इस्पितळात तुमच्यासारख्यांसाठीच मला पगार मिळतो.” स्टोव्हवर बटाटे उकडत. माझ्या दोऱ्यांवर चार मोजे वाळत. त्यांचा वासही मीच सहन केला.

कौतुकही झाले माझे, नाही असे नाही. चौथ्या वर्षी एका उघड्या माळावर गारा पडल्या. सुपारीएवढ्या. दोघे माझ्या पोटात डोके धरून बसले होते. मी एक थेंब आत येऊ दिला नाही. थांबल्यावर बाईंनी माझ्या कापडावर थाप मारली आणि म्हणाल्या, “शाबास रे.” मिस्तरी म्हणाले, “जमीन सपाट होती म्हणून.” त्या माणसाला काय बोलावे?

वर्षाचे आठ दिवस असे. उरलेले सगळे दिवस मी कपाटात. वर जुन्या चादरी, खाली मोडका पंखा. कोणी बघतसुद्धा नसे. पण त्याचा मला राग नव्हता. ठेवण्याआधी बाई मला पुसून, दोन दिवस गच्चीत सावलीला वाळवून, सैलसर घडी घालत. त्यामुळे मी टिकलो.

नववे वर्ष शेवटचे होते. समुद्र जवळ आला होता. आणि त्या वर्षी बाई भांडेनात.

मिस्तरी लेव्हल काढायच्या आत त्या म्हणत, “इथेच टाका. चालेल.” मिस्तरी खूश. “बघ, नऊ वर्षांनी का होईना, अक्कल आली.” बाई नुसत्या हसत. “डावीकडे ओढ” म्हटले की मुकाट्याने बरोबर बाजूला ओढत. मी पहिल्याच फटक्यात ताठ उभा राहू लागलो आणि मला ते मुळीच आवडले नाही. पण मला तोंड कुठे आहे?

चौथ्या सकाळी बाईंनी माझे कापड स्वतःच्या सॅकमध्ये घातले, मग बाहेर काढले आणि मिस्तरींच्या सॅकवर ठेवले.

मिस्तरींनी केवढा आरडाओरडा केला! “हरलीस! शेवटी दमलीस ना? पहिल्या दिवशी म्हटलं होतं, दे माझ्याकडे!”

“हो,” बाई म्हणाल्या, “दमले.”

एवढेच म्हणाल्या. नऊ वर्षांत ज्या बाईने स्वतःचे कापड नवऱ्याला उचलू दिले नाही, तिने ते आपण होऊन दिले. सुताराला बाकी सगळ्याचे माप कळते. एक इंच लाकूड कमी पडले तर लांबून ओळखतो. आणि हे ओळखता आले नाही? शिट्टी वाजवत चालला होता. मी त्याच्या पाठीवर होतो, दांड्यांसकट, सगळाच्या सगळा एका सॅकमध्ये. कानाशी ओरडावेसे वाटत होते की अरे, मागे वळून बघ, ती किती मागे राहिली आहे!

दोन दिवसांनी एका सकाळी बाई म्हणाल्या, “घरी जाऊ या.” एकतीस किलोमीटर राहिले होते. तीन मुक्काम. मिस्तरी चिडले. “नऊ वर्षं! आणि आता तीन दिवसांसाठी? मुद्दाम करतेस का?” रागारागाने त्यांनी मला दवाने भिजलेला तसाच गोळा करून सॅकमध्ये कोंबला. बाई जवळच्या दगडावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, “मिस्तरी, ओला आहे तो. वाळवून ठेवा.”

“घरी गेल्यावर बघू.”

घरी गेल्यावर मला कोणी बघितले नाही. का, ते मला ठाऊक नव्हते. मी कपाटात मिस्तरींना शिव्या घालत पडलो होतो. निष्काळजी माणूस, आळशी माणूस, असे म्हणत होतो. बाकीचे मला लेव्हलच्या दिवशी समजले. फळीची वाट बघून मुलगी घरी आली, तिला मिस्तरी ते सगळे पुन्हा सांगत बसले. बाईंना दुखत होते ते त्या वर्षी निघण्याच्या आधीपासून. वॉर्डात लोकांना दरडावून तपासण्या करायला लावणारी बाई, स्वतःची तपासणी मात्र वाट पुरी झाल्यावर करणार होती. घरी आल्यावर ती दोनच महिने जगली, तेही तिच्याच वॉर्डात. इतकी चीड मला गारांचीही आली नव्हती. तिची आली, त्यांची आली. सांगायला काय झाले होते? विचारायला काय झाले होते?

मिस्तरींनी मला टबात घातले. कोमट पाणी, मऊ स्पंज, साबण अगदी थोडा. हात हळू चालत होता. मग वाळायला बैठकीच्या खोलीत उभे करायचे ठरवले. एकट्याने जमेना. एक दांडा बसवला की दुसरा सुटे. मुलगी म्हणाली, “बाबा, वेड लागलंय का? फरशीवर खुंट्या कशा ठोकणार?” पण तिने पलीकडचे टोक धरले. दोऱ्या कपाटाच्या कडीला आणि टेबलाच्या पायाला बांधल्या.

“डावीकडे ओढ,” मिस्तरी ओरडले. “अगं, डावीकडे!”

“कुणाच्या डावीकडे?” मुलगी खेकसली.

मिस्तरींच्या हातातली दोरी सुटली. त्यांनी ती वाकून उचलली. मग मिस्तरी म्हणाले, “खिडकीकडे.” मुलीने ओढले आणि मी उभा राहिलो.

चहा झाल्यावर मुलगी म्हणाली, “राहिलेले तीन मुक्काम आपण करू या. मी घेते रजा. आईचं कापड माझ्या सॅकमध्ये द्या.”

“तुला जड होईल,” मिस्तरी म्हणाले.

“बाबा!”

“बघू. आधी वाळू दे.”

मित्रांनो, तुमच्या घरी तंबू असेल, छत्री असेल, ओले कापड असेल, तर ते तसेच गुंडाळून ठेवू नका. घरी गेल्यावर बघू म्हणू नका. आणि जो माणूस आपले ओझे कधी कोणाला उचलू देत नाही, त्याने एक दिवस ते आपण होऊन तुमच्यापुढे ठेवले, तर हरलास म्हणून हसू नका. तुमची सॅक खाली ठेवा, त्याच्याजवळ बसा आणि काय झाले ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

मी आता पूर्ण वाळलो आहे. कोपऱ्यातले काळे डाग गेले नाहीत, ते जाणारही नाहीत. गेले आठ दिवस मी बैठकीच्या खोलीत उभा आहे. येणारे-जाणारे माझ्या दोऱ्यांना अडखळतात. निघायचे कधी, ते मुलीने दोनदा विचारले. मिस्तरी मला वळसा घालून जातात, पण खाली उतरवत नाहीत. माझे कापड कोणाच्या सॅकमध्ये जायचे, ते अजून ठरलेले नाही.